कान्हासाठी समुपदेशक शोधताना

सोमवार, २० जानेवारी २०२५

सकाळी भाकरी खाता खाता हर्षालीने सांगितलं — आजपासून मला हर्षाली म्हणू नका. मी मुलगी नाही. आतून कधीच नव्हतो. माझं नाव कान्हा.

'नव्हतो' म्हणाली. म्हणाला.

बायको गौरा चुलीपाशी होती, मी समोर पाटावर. लेकरू ठाण्याहून येऊन पंधरा दिवस झाले. तिथे लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम, वय सव्वीस. रजा टाकून आलं. नीट जेवत नाही, खोलीतून निघत नाही. आम्ही दोघं काय काय आजार धरून बसलो होतो. त्यातलं काहीच नव्हतं.

मला एकच प्रश्न सुचला. विचारला — "कधीपासून लागू?"

पंचायत समितीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. कुठलाही बदल आला की तो लागू व्हायची तारीख लागते. मी खरंच विचारत होतो! पण कान्हाला वाटलं मी टिंगल करतोय. ताट सरकवून आत गेला. कडी लावली.

गौरा म्हणाली, "तुमचं असंच."

माझं असंच, हे खरं आहे. मी साधं विचारतो आणि समोरच्याला टोमणा लागतो. ऑफिसातही तेच व्हायचं.

मंगळवार, २१ जानेवारी

दिवसभरात चार वेळा 'ती' म्हणून चुकलो. गौरा एकदाही नाही. ती पहिल्यापासून 'लेकरू' म्हणते — तिचं सोपं आहे!

शुक्रवार, २४ जानेवारी

कान्हा आज आपणहून ओट्यावर येऊन बसला. मी नागलीतले खडे वेचत होतो. त्यानेही हात घातला. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं, त्यालाही आणि मलाही.

ठाण्याला तो दोन समुपदेशकांकडे जाऊन आला होता. आम्हाला पत्ताच नाही. पहिल्या बाईंनी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लग्न करा, मूल झालं की असे विचार जातात. दुसऱ्याने दारातच विचारलं, हे बिघडलं कधीपासून? त्यानंतर कान्हाची झोप गेली. लॅबमध्ये नळ्यांवर चुकीची नावं चिकटवायला लागला. स्वतःच घाबरला आणि रजा घेतली.

मी विचारलं, मग कुणाशी बोलायचंच नाही का आता? तर म्हणाला, बोलायचं तर आहे. खूप आहे. पण दर वेळी पहिल्यापासून सांगायचं आणि शेवटी तेच ऐकायचं, हे आता होत नाही.

"आणखी एकदाच जाईन, बा. तिथं पण तसंच निघालं तर परत कुणाकडे नाय जाणार."

एकदाच. म्हणजे निवड चुकून चालणार नाही.

मी त्याला सांगून टाकलं, परवा टिंगल केली नव्हती, तारीखच विचारली होती. तो म्हणाला, नंतर कळलं ते. मग एक खडा बाजूला टाकत — "जन्मापासून लागू."

नोंद घेतली.

रविवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. भोंगा लावल्याबरोबर निघून आलो, नेहमीसारखा.

घरी माघी बसलेली. माझी धाकटी बहीण, खोडाळ्याला दिलेली. तिला कुठून तरी कळलं होतं. म्हणाली, भगताकडे न्या, बाहेरचं काही असेल तर काढून टाकील. कान्हा आतल्या खोलीत सगळं ऐकत होता, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

मी काही बोलायच्या आधी गौराच म्हणाली, माझ्या पाठीसाठी त्याच भगताकडे नेलं होतं ना तुम्ही? पाठ अजून दुखते.

माघी रुसून गेली. जाताना गौराने दिलेला पापडाचा डबा मात्र विसरली नाही.

बुधवार, २९ जानेवारी

कामाला लागलो. कान्हाला सांगितलं नाही. ठरवलं, आधी मी फोन करून पारखायचं. जो पास होईल त्याचंच नाव कान्हापुढे ठेवायचं.

तीन प्रश्न काढले. प्रत्येकाला तेच, त्याच क्रमाने, म्हणजे तुलना नीट होईल. एक — माझं लेकरू जन्माने मुलगी, आता मुलगा म्हणून जगतं, तुम्ही त्याला काय म्हणाल? दोन — हे बरं करायची गोष्ट आहे असं तुम्हाला वाटतं का? तीन — अशी माणसं तुमच्याकडे आधी येऊन गेली आहेत का, आणि ती परत आली का?

तिसरा प्रश्न माझा आवडता. माणूस परत आला का, यातच सगळं कळतं.

घरात रेंज नाही. मोखाड्याच्या रस्त्यावर मोरीपाशी दोन दांड्या येतात. उद्यापासून तिथे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पाच दिवसांत सहा फोन. निकाल काही चांगला नाही, पण मजा आली!

एका डॉक्टरांच्या इथे आधी गाणं लावून ठेवतात. ते गाणं माझ्या दातांत शिरतं. दोनदा ठेवून दिला, तिसऱ्यांदा फोन कानापासून हातभर लांब धरून उभा राहिलो. जाणारा जीपवाला थांबून विचारतो, काका, बरं आहे ना? एवढं करून डॉक्टर भेटले ते म्हणाले, बाबा, तुम्ही हे कधीपासून सोसताय? मी म्हटलं, गाणं का? तर ते कान्हाबद्दल विचारत होते. फुली.

एका ठिकाणी एकवीस दिवसांचं शिबिर, 'विचार सरळ होतात' म्हणे. फुली. एक बाई फक्त इंग्रजीत बोलतात. त्या भल्या वाटल्या, पण कान्हा रडेल तो मराठीत रडेल. त्यांना फुली नाही, नुसती रेघ. एक गृहस्थ फार गोड, आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात — तर मुलीला कधी घेऊन येताय? मी दुरुस्त केलं. पुन्हा मुलीला. पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ते चिडले. तीन वेळा सांगून कळत नसेल तर कान्हा तासभर काय करणार तिथे?

उरलेल्या दोघांनी तिसऱ्या प्रश्नावर फोन ठेवला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सातवा फोन. नीता मॅडम. राहतात नाशिकला. दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी जव्हारला एका संस्थेच्या खोलीत बसतात. तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. तो म्हणेल तेच म्हणेन. बरं करण्यासारखं यात काही नाही, पण झोप उडाली असेल तर त्यावर काम करू. आणि हो, येतात, बरेच जण परत येतात, काही नुसते पेढे द्यायलाही.

मी मनात टिक करत होतो तोवर त्यांनीच मला विचारलं — "काका, हा फोन करताय ते कान्हाला माहीत आहे का?"

नाही म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, इतके दिवस त्याच्याविषयी सगळेच ठरवत आलेत. तुम्ही चांगल्यासाठी करताय, पण आधी त्याला विचारा. त्याला वाटलं तर तो मला फोन करील. नाही वाटलं तर नाही.

फोन खिशात टाकून घरी निघालो. पास होणाऱ्या बाई सापडल्या, आणि नापास मी!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सांगितलं. कागदच पुढे ठेवला — नावं, तारखा, प्रश्न, फुल्या.

कान्हा बराच वेळ वाचत होता. मला वाटलं, गेलं सगळं. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय वाटून गौरा पाणी घेऊन धावली, तर तो हसत होता! 'गाणं दातांत जातं' या शेऱ्यावर. तो घरी आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं ते हसू.

हसून झाल्यावर त्याने चौथा प्रश्न सुचवला — मला रोज त्याच एका गोष्टीवर नाही बोलायचं, लॅबमधल्या साहेबाच्या कटकटीवर बोललो तर चालेल का? मी म्हटलं, तूच विचार.

मोरीपर्यंत माझ्याबरोबर आला. मी लांब उभा राहिलो, पाठ करून. सतरा मिनिटं बोलला.

चालेल म्हणाल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

जव्हार. सकाळच्या गाडीने गेलो. कान्हा पुढे चालत होता. खोलीच्या दाराशी थांबला आणि म्हणाला, बा, मी पाच मिनिटांत बाहेर आलो तर काही विचारू नको. मी म्हटलं, नाही विचारणार.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी आवारातल्या फरश्या मोजल्या — आडव्या चौदा, उभ्या बावीस, एक फुटकी. तासभराने बाहेर आला. डोळे लाल, पण चालणं मोकळं.

मी काहीच विचारलं नाही. वडापाव खाता खाता तोच सांगू लागला. झोपेवर बोललो, आपल्या बकऱ्यांवर बोललो. मॅडमनी पहिलंच विचारलं — तुम्ही स्वतःबद्दल बोलताना 'आलो' म्हणता की 'आले'? तो 'आलो' म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं. बस एवढंच.

"एवढंच पाहिजे होतं रे, बा."

दुसरा वडापाव घेतला. पूर्ण खाल्ला.

शनिवार, १ मार्च

आठ तास झोपला. गौरा दोनदा दारातून बघून आली.

गुरुवार, २० मार्च

गावात बोहाडा. देवांचे मुखवटे निघाले. आपल्याकडे देवीचं सोंग पुरुषच घेतात, लुगडं नेसून, मुखवटा बांधून नाचतात. पिढ्यान् पिढ्या सगळे हात जोडतात. कान्हा शर्ट-पँटमध्ये, केस बारीक कापून, गर्दीत उभा होता. माघीही आली होती. तिच्या शेजारच्या बाईने विचारलं, हे कोण गं? माघी म्हणाली, "आमच्या मंगळूदादाचं पोरगं." आणि बाईला बसायला जागा करून दिली. तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. मला ते वाक्य पुरलं.

संबळ वाजायला लागल्यावर मी ओहोळाकडे जाऊन बसलो. माझी तिथली जागा ठरलेली आहे. या वेळी कान्हा मागोमाग आला. दर वर्षी इथेच बसतोस का, विचारलं. मी म्हटलं हो. मग एकेक विचारत गेला. आवाज नक्की कुठे लागतो? एकाच कापडाचे सहा शर्ट का शिवतोस? लग्नात गेल्यावर जेवून लगेच का निघतोस, लोक आवडत नाहीत का? मी सांगितलं — लोक आवडतात, पण त्यांच्या तोंडाकडे बघू की ते बोलतात ते ऐकू, दोन्ही एका वेळी जमत नाही.

असं कुणी विचारलंच नव्हतं आजवर. फार बरं वाटलं.

शनिवार, २२ मार्च

कान्हाची दुसरी भेट. छान झाली. सोमवारी ठाण्याला कामावर रुजू होणार. लॅबमधल्या एका मैत्रिणीला नाव सांगून झालंय, बाकीच्यांना हळूहळू. मॅडमशी दर आठवड्याला फोनवर बोलणार, आणि चौथ्या शनिवारी जव्हारला येत राहणार.

निघताना मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, कान्हाने तुमच्याबद्दल बरंच सांगितलंय, पुढच्या खेपेला तुम्हीही अर्धा तास द्याल का? त्याचीही इच्छा आहे, पण तुम्हाला वाटलं तरच.

माझा कागद बघायचा असणार! इतर आईबापांच्या कामाला येईल. आमच्या वांगणीसारख्या गावातूनही कुणी शोधत असेल. स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढतो.

शनिवार, २६ एप्रिल

कागद पिशवीतच राहिला.

मॅडमनी मलाच प्रश्न विचारले. शाळेत कसा होतो, कशाने दमतो, माणसांत कसं वाटतं. मी सगळी उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, काही जणांच्या मेंदूची घडणच वेगळी असते, तिला ऑटिझम म्हणतात. हा आजार नाही. एका भेटीत शिक्का मारणार नाही, पण तुम्हाला हवं असेल तर आपण नीट बघू.

एकोणसाठ वर्षं मला वाटत होतं, मी माणूस म्हणून थोडा कमी पडतो.

बाहेर बाकावर कान्हा बसला होता. माझ्याकडे बघून त्याने काही विचारलं नाही, नुसती सरकून जागा दिली. मी बसलो. सांगितलं, पुढच्या महिन्यात दहाची वेळ तुझी, अकराची माझी.

"मी थांबतो बाहेर," तो म्हणाला.