केसरसाठी कुंपण

१२ मार्च १९५४, शुक्रवार

कुत्रे परत आत शिरले! शेजारच्या दिवाकररावांचे तिन्ही. पुढे ती काळी रोझी, मागे बाकीचे दोघे. आमची घोडी केसर मैदानभर धावत सुटली — एवढं पोट घेऊन! मी झाडू घेऊन धावले, हे काठी घेऊन. कुत्र्यांना वाटलं, आम्हीही खेळायलाच आलो.

गेल्या साली असंच धावून तिनं गाभ टाकला. हे दोन दिवस जेवले नव्हते. महाराजांच्या पागेचे दरोगा होते हे. राज्य गेलं, पागा मोडली, घोडे कुठे कुठे गेले. त्यातली ही एक घोडी ह्यांनी इथे राऊ गावी घरी आणली. आम्हाला मूलबाळ नाही. म्हणून म्हणते, शिंगरू सुखरूप यायलाच हवं.

१३ मार्च

दिवाकररावांना सांगून आले. "वहिनी, कुत्रे खेळतात हो, काटत नाहीत! तुमची केसरच फार नाजूक." माणूस वाईट नाही, पण कुत्र्यांपुढे त्याला काही दिसत नाही. आणि आमच्या ह्यांना घोडीपुढे दिसतं का? दोघे एकाच माळेचे मणी!

१९ मार्च

कुंपण घालायचं ठरलं. मी काटेरी तार सुचवली तर हे माझ्यावरच उखडले — "कातडं फाटेल तिचं!" नुसत्या लाकडी बल्ल्या आडव्या बांधल्या तर घोडी अडते, कुत्रे खालून येतात. शेवटी वर बल्ल्या, खाली जाळी, आणि जाळी हातभर जमिनीत पुरायची. रोझी उकरण्यात पटाईत आहे.

तोवर हे केसरपाशीच बाज टाकून झोपणार म्हणे. झोपा!

२७ मार्च

तीन बाजू झाल्या. रोझी जाळीला नाक लावून बसते. आज तिला अंगठा दाखवला. फार बरं वाटलं.

३ एप्रिल, शनिवार

कुंपण पुरं झालं! फक्त फाटक बाकी. दुपारी लोहाराचा निरोप — "बाईसाब, फाटक तैयार है, ले जाओ." हे टोपी घालून निघालेही. मी आडवी आले. शनिवारी लोखंड घरात आणायचं? आणि वर अमावस्या!

"अगं, ती आज-उद्या व्यायची!"

"म्हणूनच," मी म्हटलं. उद्या पाडवा आहे, उद्या खुशाल वाजत-गाजत आणा.

फाटकाच्या जागी ह्यांची बाज आणि घरातली एक खाट उभी करून दोरीनं बांधली. बाजच गेली, तेव्हा ह्यांना घरात येऊन झोपावं लागणार. रुसलेत. पण आमटी दोनदा मागून घेतली. कुंपणामुळे मला कशी निश्चिंती वाटते आहे! पुरणाची डाळ भिजत घातली.

४ एप्रिल, पाडवा

उजाडता बघते तो बाज आडवी, खाट मोडलेली, केसर नाही! शनिवार, अमावस्या, सगळं मीच केलं. ह्यांच्या तोंडाकडे बघवेना.

दिवाकररावांच्या आंब्याखाली सापडली. व्यालेली! शिंगरू उभं राहायची खटपट करतं आहे, आणि दिवाकररावांचे हात कोपरापर्यंत भरलेले. ते ह्यांना म्हणाले, "नाना, पिल्लाच्या नाकातोंडावर झिल्ली तशीच होती, मी फाडली. रोझीनं भुंकून भुंकून उठवलं मला. नाहीतर मला काय पता?"

घरी येताना हे एवढंच म्हणाले, "आपल्या कुंपणात व्याली असती तर गुदमरलं असतं ते. आपण झोपलेलेच होतो."

पुरणपोळ्या केल्या. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पहिली पोळी रोझीला घालून आले.