पिंपळाच्या खोडावरची पट्टी

वाटूर, १२ मार्च ७३

“हिरवं दिसतंय म्हणून तहान न्हाई, असं थोडंच हाय?” यांचं वाक्य. विहारापुढं पिंपळाचं रोप लावलं त्या वर्षीचं. स्वतःच्या आंघोळीचं पाणी बादलीत धरून रोपाला नेत होते आणि मी हसत होते. आता हे नाहीत. झाड आहे.

आज आठवलं, कारण लेक सुजाता तेच सांगत होती, कॉलेजच्या भाषेत. औरंगाबादेहून पत्र्याच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा घेऊन आलीय. तिचे सर दक्षिणेतल्या दाट पावसाळी जंगलांत अवर्षण मोजायला जाणार. तिथं रान हिरवंच राहतं म्हणे, दुष्काळ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खोडाला पट्टी बांधायची. झाड तहानलं की खोड आकसतं, पट्टीवरची खूण मागं येते. सरांची अट : आधी गावातलं एक झाड पावसाळ्यापर्यंत मोजून दाखव, मग नेतो.

झाड कुठलं, तर यांचाच पिंपळ. “त्याचं वय नक्की माहीत आहे, आई.” आणि पाणी कुणी घालायचं नाही.

मी पोळ्या लाटत राहिले.

१८ मार्च, पौर्णिमा

विहारात वंदना. पिंपळाला नवी तांबूस पालवी. इतक्या कोरड्यात हे कुठून आणतं?

सु. रोज सकाळी पट्टी वाचते. माझ्याशी कमी बोलते, झाडाशी जास्त.

२४ मार्च

पिकं बघायला जीपमधून कुणी साहेब आले होते. उतरलेसुद्धा नाहीत. “झाडं तर हिरवी आहेत की!” सु. दिवसभर धुमसत होती. “हे असं मोजतात, आई!”

तिचंही काहीतरी बिनसलंय. खूण मागं यायची ती पुढं सरकतेय. झाड फुगतंय. ती गोंधळलेली. मला मात्र आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून चैन पडेना.

३१ मार्च

उलगडा झाला. विहारात मूर्तीपुढं ठेवलेलं पाणी वंदनेनंतर पिंपळाच्या बुंध्याशी ओतायचा आपला रिवाज. यंदा बायांनी तो वाढवला. टँकरवरून येताना प्रत्येकीनं घागरीतलं ओंजळभर बुंध्याला. रोज. सु.ला ओली माती सापडली. शेजारच्या सखूमावशींना विचारलं तर त्या उसळल्या.

“आमी समद्या ओतून राह्यलो. मंग? तुझी पट्टी काय पानी पिती का गं?”

“मावशी, माझं सगळं मोजमाप वाया गेलं.”

“बापानं लावलेलं झाड उपाशी ठिवून मोठी व्हनार का तू?”

घरी आल्यावर सु.नं मला विचारलं, “तुला माहीत होतं?” खरंच नव्हतं. “मी जाऊ नये असं वाटतं ना तुला?”

उत्तर द्यायला मला एक क्षण लागला. तो क्षण तिनं पाहिला.

३ एप्रिल

सु. विहारात बायांपुढं हात जोडून बसली. पाऊस येईपर्यंत थेंबही नको.

“अन् मेलं तर?” सखूमावशी.

“तर मी मोजलेलं खरं निघेल, मावशी.”

ती सहज बोलली नव्हती. शेवटी सखूमावशीच म्हणाल्या, “बराबर हाय. न्हाई घालनार. पन बापाला तू सांग.”

पट्टी नव्यानं बांधली.

१७ एप्रिल, पौर्णिमा

वंदना झाली. मूर्तीपुढचं पाणी तसंच राहिलं. त्याचं करायचं काय, कुणाला सुचेना. अखेर सगळ्यांनी घोट घोट घेतलं.

पालवी वाळून गळतेय. सु. पडलेली पानं टोपलीत गोळा करून तोलते. खूण मागं आलीय, बरीच. “आता बरोबर येतंय,” म्हणाली. मी वळून पाहिलं तेव्हा तिचा तळवा खोडावर होता, ताप बघावा तसा.

लिहायला बसते, दोन ओळींवर उठते. खिडकीतून पिंपळ दिसतो. खिडकी लावली तरी दिसतो.

२९ एप्रिल

आज शेंड्याकडची फांदी वाजली, सुकल्या काटकीसारखी. सु. जेवली नाही. मोजणं मात्र चुकवलं नाही. तिनं जावं असं आता मला वाटतं. खरंच वाटतं. पण हे झाड तिच्या जाण्यापायी जाऊ नये.

माझ्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर बाजूला ठेवलंय. चोरून घालणार नाही. उद्या पट्टी वाचायच्या आधी तिला म्हणणार : बाई गं, एवढं मला ओतू दे. आणि तुझ्या मोजमापात तसं लिही, आज आईनं एक तांब्या पाणी घातलं.

“नाही, आई,” म्हणेल. तिच्या बापासारखी, नजर न उचलता. तरी विचारणार आहे.