पडद्याखालची बोटं

सोमवार, ३ मार्च

आधी टपकली ती घाईगर्दी – आम्ही तिला हेच म्हणतो! दोन वर्षांनी! "दोनच मिनिटं हं मावशी, दूध तापत ठेवलंय," म्हणाली आणि दुपारभर बसली. दुधाचं काय झालं देव जाणे. मागून मास्तरीणबाई आल्या. दोघी आमच्या शिवणाच्या दुकानातल्या जुनी गिऱ्हाइकं. इतकं बोललो की जबडा दुखतोय!

मंगळवार, ४ मार्च

काल मुद्द्याचं राहिलंच. आता मापाला कुणी येत नाही. घरीच फोनसमोर उभं राहायचं, गोल फिरायचं – झालं! एआय माप काढतो, गिऱ्हाइकांशी बोलतोही तोच. काम चोख हो, खोटं कशाला बोलू? सुनेला आता उसवत बसावं लागत नाही. मान दुखायची थांबली बिचारीची.

पण पुढची खोली ओस पडली. मुलगा म्हणतो, "आई, तिथं कापड कापायचं यंत्र बसवतो. तुझं बाकडं काढू. तू ताईकडे राहा आता, आराम कर." ताई म्हणजे माझी लेक. शुक्रवारी न्यायला येणार. मी बरं म्हटलं. काय म्हणणार?

बुधवार, ५ मार्च

हे होते तेव्हा काय मजा! पडद्याआड मी टेप धरायची, बाहेर हे लिहून घ्यायचे. कंबर वाढलेली असली की आतली बाई माझ्याकडे डोळे मोठे करून बघायची. मग मी जुनंच माप मोठ्यानं सांगायची – बाकड्यावरच्या बायकांना ऐकू जावं म्हणून! – आणि पडद्याखालून हळूच बोटं काढायची. दोन बोटं म्हणजे दोन इंच वाढवा. एकदा अख्खा पंजा काढला तर हे म्हणाले, "आत बाई आहे की पिंप?" माझ्या तोंडात टाचण्या, हसायची सोय नाही. आतली बाईच आधी फुटली!

गुरुवार, ६ मार्च

दोघी पुन्हा हजर! आज मुलगा दुकानात होता. घाईगर्दीनं त्यालाच धरलं. "तुझा एआय फार गोड बोलतो रे. गुडघा कसाय, झोप लागते का, सगळं विचारतो. पण स्वतःच्या घरचं चकार शब्द सांगत नाही! मी एकटीनंच किती सांगायचं?"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी काहीही फुगवून सांगितलं तरी त्याला खरं वाटतं. या तुझ्या आई, आमच्या वहिनी, कशा लगेच म्हणतात – चल, काहीतरीच!"

मुलगा हसला. "पण मावशी, कपडे बरोबर होतात ना?"

"होतात की. म्हणून तर यायला निमित्तच उरलं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे बघितलं, बाकड्याकडे बघितलं. संध्याकाळी नवराबायको मागच्या खोलीत खुडबुडत होती. सून म्हणत होती, "कपाट हलवलं तर यंत्र इथं मावेल." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शुक्रवार, ७ मार्च

लेक न्यायला आली होती. जेवली, जरा रुसली, आणि एकटीच परत गेली. घाईगर्दी आणि मास्तरीणबाई सोमवारी येणार आहेत – आणखी तिघींना घेऊन!