आईसाठी पाठवलेला फोटो

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

नमस्कार. तू बरी असशील, आईचे डोळे होते तसेच असतील आणि भाऊजी टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत असतील. मी ठीक आहे. चिऊ जेवते, झोपते. फोन कायमचा बंद केलाय, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजव्याला जरा लागलंय.

फोन बंद करण्याआधी तुझा मेसेज वाचला. 'तो समेटाला आला होता म्हणे, निदान ऐकून तरी घ्यायचंस.' ऐकून घेतलं, ताई.

मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे, एवढंच तुला सांगितलं होतं. गाव मुद्दाम सांगितलं नव्हतं. चिऊचा दात पडला तेव्हा तिला चादरींच्या ट्रॉलीत बसवून फोटो काढला. मागे नुसती पांढरी भिंत, पाटी नाही की खिडकी नाही. मी स्वतःला फार शहाणी समजत होते. तू म्हणालीस, आईला मोठा करून बघायचाय, साधा पाठवलास की फुटतो, फाईल करून पाठव. मी पाठवला. तू तो तसाच घरच्या ग्रुपवर टाकलास.

त्या ग्रुपवर चिऊचा बाप अजून आहे. काढलं तर नातेवाईक कारण विचारतील, म्हणून जावईबापू आपले राहिले.

भिंतीवरून काय कळणार, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. चौकीतल्या पोलीसबाईंनी सांगितलं की साधा फोटो पाठवला तर ॲप बहुतेक वेळा ठिकाण पुसून टाकतं, पण फाईल केली की तो जिथे काढला ती जागाही सोबत जाते. त्याने ती नकाशावर टाकली आणि थेट आमच्या दारात आला.

भर दुपारी आला, गाठोडी उतरवायच्या दारातून. "पोरगी कुठाय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, शाळेत. कानाखाली बसली. पुन्हा विचारलं, पुन्हा शाळेत म्हटलं. केस धरून माझं डोकं मशीनच्या कडेवर आपटलं, ओठ फाटला. मग माझा हात चादरींच्या इस्त्रीच्या तापलेल्या प्रेसवर ठेवला आणि वरून झाकण दाबलं. आपल्याच कातडीचा वास येतो गं. मी किंचाळले, पण 'शाळेत' असंच किंचाळले.

शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. चिऊ माझ्या पायाशी, मळक्या चादरींच्या ट्रॉलीत होती. त्याचा आवाज ऐकताच आत शिरली होती. सगळं ऐकलं तिने.

आमच्या मुकादमबाईंना सगळ्याजणी तोफ म्हणतात. तोफ धावत आली, पिळायची राहिलेली ओली चादर त्याच्या तोंडावर टाकली, आणि मग बायकांनी हाती लागेल त्याने त्याला बडवला. तोफेने त्याची दाढ पाडली. मीही डाव्या हाताने दोन हाणल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? अजून हाणाव्यात, तिथेच संपवावा, असं वाटत होतं.

एक गोष्ट लिहायची नव्हती. झाकण दाबताना तो म्हणाला, "ताईला थँक्यू सांग, फोटो झकास आलाय."

तो जामिनावर सुटेल. तोवर आम्ही इथून गेलेलो असू. हे पत्रही तोफ दुसऱ्या गावी जाऊन टाकणार आहे. तू एक कर. आजच त्याला ग्रुपमधून काढ आणि का काढलं ते तिथेच लिही. नातेवाइकांना वाचू दे. लाजेनं मान खाली घालायची ती त्याने.

चिऊ बोलते, पण कोणी तिच्यासमोर फोन उचलला की पलंगाखाली जाते. आई नवा फोटो मागेल. नाही म्हण.

तू पत्ता मागशील. कोणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेशील, ती खरीही असेल, आणि आई रडायला लागली की सांगून टाकशील. तुला मी आजची ओळखत नाही. तुझ्यावर माझा जीव आहे, ताई. पत्ता देणार नाही.

तुझी धाकटी,
पण आधी चिऊची आई