चहात पडलेली कडी

ता. एटापल्ली
२ एप्रिल, सकाळचे सात

प्रिय नीलिमाबाई,

तुले जय भीम. भाऊजीले पण (तू वाचून दाखवशील तर). तुझी कंबर कशी आहे, कोंबड्या अंडी देऊन राह्यल्या का, आणि समोरच्या खोलीचं दार आता नीट लागते का?

माझं आयुष्य कोणत्या मिनिटाले बदललं ते मले बरोबर मालूम आहे. बारा जानेवारी, सकाळचे पावणेदहा. मी तुझ्या पोंभुर्ण्याच्या घराचं दार आपटलं, वरची कडी निघाली आणि दाराजवळ पेपर वाचत बसलेल्या भाऊजीच्या चहात पडली. आयटीआयमध्ये पोरांले सुतारकाम शिकवणाऱ्या माणसाच्या घरची कडी! त्यांचं तोंड आठवलं की अजूनही मले हसू येते आणि मग येत नाई.

तू म्हणशील, जुनं काऊन उकरून राह्यला? तर ऐक. मी वर्षभर तुझ्या घरी रिकामा बसलो नव्हतो. सेकंड इयरले कॉलेज सोडलं (प्रॅक्टिकलच्या सरांनी माझी वही मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाले दाखवली, आणि त्या वर्गात उर्वशी होती, मग मी दुसरं काय करणार होतो?) आणि नंतर एक वर्ष विचार करायले घेतलं. मोठमोठे प्रोफेसर अशी वर्षभराची रजा घेतात, त्याले सबॅटिकल म्हणतात, हे मले उर्वशीनंच सांगितलं. भाऊजीनं त्याले वेगळं नाव ठेवलं. त्या सकाळी पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "बैलाले वर्षातून एक दिवस पोळा असते. आमच्या साळ्याचा बाराही महिने पोळा चालू आहे, आणि हा बैल अजून नांगराले लागलाच नाई." तू तोंडाले पदर लावला, पण हसलीस ते मी पाहिलं. मग मी जे बोललो ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं, की तुमची मले जिंदगीत गरज पडणार नाई. मग दार. मग कडी. मग चहा.

पुढं डाकसेवकांची यादी लागली आणि दहावीच्या मार्कांवर माझं नाव आलं, ऑर्डरचा फोटो तुले पाठवलाच होता. (कॉलेज सोडल्यानं काही बिघडत नाई, हे मी तेव्हाच म्हणत होतो.) पण ही नोकरी मी कशासाठी धरली ते तुलेच सांगतो. उर्वशीचे बाबा माजरीच्या कोळसा खाणीत आहेत आणि बोलतात फार कमी. त्यांनी तिच्याजवळ तीन गोष्टी सांगून ठेवल्या. पोराले नोकरी पाहिजे, राहायले घर पाहिजे, आणि मागणी घालायले येताना घरचं मोठं माणूस सोबत पाहिजे. एकटा आला तर चहा पाजून परत धाडीन, म्हणाले. मुदत बुद्धपौर्णिमेची, कारण त्यानंतर ते मामानं आणलेलं स्थळ बघणार आहेत. दोन गोष्टी झाल्या. तिसरीचं मी पाहून घेईन, तू टेन्शन घेऊ नको. आपले बाबा असते तर प्रश्नच नव्हता. पण माझ्या ओळखीत मोठी माणसं काय कमी आहेत?

आता घराचं. आमचे पोस्टमास्तर पत्रूभाऊ यांच्या घरामागं एक खोली आहे. मी पहिल्या दिवशी बॅग घेऊन उभा राह्यलो आणि त्यांनी काही न विचारता खोली उघडून दिली (माझ्या चेहऱ्यात काही असावं, असं मले वाटलं). खोलीत पंखा नाई, फळी नाई, खिडकीले एकच झडप, पण दाराची कडी अशी जाडजूड की तुरुंगाले शोभावी. मी विचारलं, "पत्रूभाऊ, इथी चोर येतात का?" म्हणाले, "नाई." मग अस्वल येते का? तर म्हणाले, "अस्वल कडी पाहून थांबत नाई." एवढंच बोलून डाक लावायले बसले. कामाचं म्हणशील तर गावात लालसू नावाचे तीन जण आहेत, पहिल्याच आठवड्यात मी एका लालसूचं पत्र दुसऱ्या लालसूले दिलं, तो तिसऱ्याकडं घेऊन गेला, आणि मी परत आणायले धावलो तेव्हा तिन्ही लालसू एका खाटेवर बसून एका शाळकरी पोराकडून ते पत्र ऐकून राह्यले होते. चहा मलेही मिळाला. आणि स्वयंपाकाचं विचारू नको. कुकरची रिंग तुझ्याकडंच राहिली, म्हणून माझा भात खालून मुरमुरे आणि वरून पेज होते. हे पत्र मुख्यतः त्या रिंगसाठीच आहे.

पण माझी खरी फजिती अंगणात झाली. खोलीसमोर मोहाचं मोठं झाड आहे. मी आलो तेव्हा त्याच्याखाली पाचोळा होता, आणि मार्च लागल्यावर एक दिवस पाहतो तर सगळं झाडून चकाचक. मी समजलो, नवीन माणसाची माया आली असेल कोणाले. मग फुलं पडू लागली. मी दोन दिवस वेचली, भाजली, खाल्ली. तिसऱ्या दिवशी पहाटे खसफस ऐकू आली, दार उघडलं तर एक म्हातारी माझ्या अंगणात, माझ्या मोहाखाली, टोपली भरून राह्यलेली. माझं डोकं तुले मालूम आहे. मी "चोर! चोर!" करत गेलो आणि टोपली धरली. तिनं टोपली सोडली नाई. मी इकडून ओढतो, ती तिकडून ओढते, आणि फुलं दोघांच्या पायाखाली. गाव गोळा झालं. पत्रूभाऊ दातून चावत आले आणि शांतपणे म्हणाले, "खोली माझी आहे. झाड रुखमाबाईचं." बाई, आपण मोहाच्या मुलखात वाढलो, कोणतं झाड कोणत्या घरचं ते आपल्या गावात मले पाठ होतं. पण भाड्यानं घेतलं म्हणजे अंगण आपलं आणि अंगणातलं झाडही आपलं, हे माझ्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. ते झाड तिच्या सासूच्या सासूपासून त्या घरचं आहे. जमीनही तिनंच झाडली होती, फुलं मातीत पडू नये म्हणून. म्हणजे चोर पकडला गेला तो बरोबरच, फक्त ओरडला तोच चोर होता.

मले वाटलं आता बैठक बसवतील, दंड लावतील. सगळे आपापल्या कामाले निघून गेले, ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात रिकामी टोपली ठेवलेली. रुखमाबाई झाडाखाली. मी रात्रभर पाठ केलेली शुद्ध भाषेतली माफी सुरू केली, 'माझ्याकडून अनवधानाने' इथपर्यंत आलो, आणि ती खाली पाहतच म्हणाली, "उभ्यानं काय बोलून राह्यला, बाबू? मोह उभ्यानं वेचता येत नाई. वाक."

तेव्हापासून रोज वाकतो. तिचा गुडघा गेलेला आहे, म्हणून लांबची फुलं माझी आणि बुडाजवळची तिची. पाचले उठतो. (हे भाऊजीले सांगू नको. नाई, सांग.) ती वेचता वेचता उर्वशीची चौकशी करते, आणि मी इतकं बोलतो की टोपली मागं पडते आणि मग ती शिव्या देते. मोठ्या मायेच्या शिव्या आहेत.

आता तिसऱ्या गोष्टीचं. काल मी पत्रूभाऊले गाठलं. म्हटलं, तुम्ही वयानं मोठे, सरकारी माणूस, माझ्यासोबत माजरीले चला, घरचे म्हणून. त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या घरचा मोठा माणूस तर येऊन गेला ना! मी काऊन येऊ?" मी म्हटलं, कोण? "तुम्ही यायच्या चार दिवस आधी एक जण पिशवी घेऊन आला. नव्या डाकसेवकाले खोली पाहिजे म्हणाला. दार हलवून पाहिलं, पिशवीतून ही कडी काढली, स्वतःच ठोकली. म्हणाला, पोरगा कामाचा आहे. फक्त दार जोरात लावते."

बाई, त्या दिवशी घरून निघताना त्यांनी तुले काय सांगितलं होतं? ट्रेनिंगले जातो म्हणून?

असो. कोंबड्यांची काळजी घे.

तुझा भाऊ,
प्रणित

ता. क. कुकरची रिंग पाठवू नको. इथी बाजारात मिळते. मले पहिल्या आठवड्यापासून मालूम होतं.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलं आहे की तिसऱ्या गोष्टीचं मी पाहून घेईन. ते वाचू नको. (खोडणार होतो, पण डाकखात्याच्या माणसाच्या पत्रात खाडाखोड बरी दिसत नाई.) येत्या रविवारी माजरीले जायचं आहे. भाऊजी सोबत येतील का, एवढं विचार. त्यांना बोलावं लागणार नाई, उर्वशीचे बाबाही बोलत नाई, दोघं पेपर वाचत बसले तरी चालते. पोळ्याचं बोलले तरी मी ऐकून घेईन. मी शनिवारी संध्याकाळी पोंभुर्ण्याले येतो. भाऊजीचा नंबर मी ब्लॉक केला होता, तो काल टेकडीवर जाऊन उघडला (इथी रेंज तिथंच मिळते). पण फोनवर उभ्यानंच बोलावं लागते, म्हणून पत्र.

ता. क. तिसरा. तुटलेली कडी फेकली नसेल तर ठेवून दे. मी येऊन बसवतो. वाकडी बसली तर भाऊजी आहेतच.

डाकेची थैली बंद व्हायची वेळ झाली आणि रुखमाबाई अंगणातून हाका मारून राह्यली. आता पाकीट चिकटवतो, बाहेर पडतो आणि दार लावतो. आवाज पोंभुर्ण्यापर्यंत आला नाई, तर समजून जा, लावलं.