टेबलावरचा पिवळा डाग

१० ऑक्टोबर १९३२, दसरा
कोणी केलं हे? काल मंद्रूपला बाळंतपणाला गेले होते. बाई, मूल दोघं सुखरूप. खुशीत घरी येते तो माझ्या औषधांच्या खोलीतलं टेबल — मामंजींचं शिसवी टेबल — पांढरं पडलेलं. स्पिरिटची बाटली निम्मी रिकामी. पॉलिश विरघळून हा मोठा चट्टा, मधोमध पिवळा डाग. आयोडिनच असणार.

भाऊजी दारातच. "वैनी, खोली देताना बोली काय हुती? आबांच्या टेबलाला डाग पडला की खोली रिकामी करायची." त्यांनीच ओतलं! दुसरं कोण? सासूबाई चूल फुंकत बसल्या. हे गेल्यावर मी सुईणपण शिकले, तेव्हापासून त्या मोजकंच बोलतात.

खोली सोडणार नाही.

११ ऑक्टोबर
सुतार यायला तयार नाही. भाऊजींनी नको म्हटलंय म्हणे. बरं. माझे हात मोडले नाहीत. बाजारातून चपडा लाख आणली, स्पिरिटमध्ये भिजत घातली. ज्यानं पॉलिश घालवलं, तेच परत आणणार.

१३ ऑक्टोबर
बिघडवलं. घाईघाईत जाड हात दिला, सगळं चिकट. माशी बसली ती तिथंच राहिली. "गूळ लावलाय का काय?" — भाऊजी. हसू देत. सगळं काचपेपरनं घासून काढलं.

१५ ऑक्टोबर
कापसाची पुरचुंडी, तेलाचा थेंब, लाख अगदी पातळ. हात थांबवायचा नाही. खांदा भरून आलाय, पण चट्टा गेला!

भाऊजी वाकून बघून गेले. "त्यो पिवळा डाग हाय की अजून." आहे. लाकडात मुरलाय. तेवढी जागा कोरी ठेवलीय. उद्या साबण लावून बघते. एवढ्याशा डागापायी मी हार खाणार नाही.

१६ ऑक्टोबर
साबण लावला. डाग लालभडक.

आयोडिन लाल होत नाही. हळद होते.

मी नव्हते तो दिवस खंडेनवमीचा. घरातल्या विळ्या-कोयत्यांची पूजा. सासूबाईंना खोलीत आणलं. डाग दाखवला. मग म्हणाल्या, "समद्यांची हत्यारं पुजली. तुजं ह्येच न्हाय का? आदी धुतलं. तूच म्हनतीस, हितं उकळल्यालं पानीच लागतंय. बाटलीतलं त्येच समजून घेतलं."

लेबल इंग्रजी. त्यांना मराठीही वाचता येत नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"तुज्या कामाला नाक मुरडत आले, आन् त्याच टेबलाला हळदकुंकू वाह्यलं, ह्ये कुन्या तोंडानं सांगू?"

मला रडू आलं. भाऊजींवर आळ घेतला, तो चुकला. पण माफी मागणार नाही. सुतार त्यांनीच अडवला.

१७ ऑक्टोबर
डाग काढला नाही. वरून लाख चढवली. भाऊजींनी त्यावर बोट ठेवलं, तशा सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "बोट काढ. ती माजी पूजा हाय."