मुकादमाचा उपास

सोनई,
८ फेब्रुवारी २०२६

चि. ज्योतीस,
आप्पांचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझ्या भावाचं नाव निघालं की तूही गप्प, मीही गप्प. म्हणून हे पत्र. तीस वर्षं पोस्टमन म्हणून लोकांची पत्रं वाटली, आता माझं कोणीतरी वाटू दे.

मुकादम काही खात नाही. हर्षल गेल्यावर तू त्याचा हा साप पेटीसकट इथं आणून सोडलास, त्याला महिना झाला. वनखात्याचे कागदही माझ्या नावावर झाले. म्हणायला आफ्रिकेतला अजगर, पण माझ्या मनगटाएवढा, आणि ऊसतोडीच्या मुकादमासारखा जागचा हलत नाही. पोरानं नाव बरोबर ठेवलं. तू दिलेले बर्फातले मेलेले उंदीर चार वेळा ठेवले. जवळ येतो, जीभ काढतो आणि तोंड फिरवतो. शेजारचे काकासाहेब म्हणतात, जिवंत सोडा. पण हर्षल जिवंत कधी घालत नव्हता, मी कसा घालू?

तुझ्या आईला आधी किळस होती. आता तीच उंदीर धुऊन, मटणाला लावतो तसं हळद-मीठ चोळून देते. लेकराचं जनावर हाय, असंतसं कसं घालायचं, म्हणते. तरी नाही. ज्योती, खरं सांगू? त्याला कळलंय. हर्षलचा अपघात झाल्यापासून त्यानं अन्न सोडलंय. पण तो मेला तर पोरगं दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल मला. काहीतरी विचारून कळव.

तुझा,
आप्पा

पुणे,
१६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय आप्पांस,
ज्योतीचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग वॉर्डातच रडले. बाकीच्या नर्सबायांना वाटलं, हिला झालं तरी काय! अहो आप्पा, हळद-मीठ?

हर्षलच्या खोलीवरच्या अजिनाथला विचारलं. तो म्हणाला, साप वासावर खातो. धुतलेला, हळद लावलेला उंदीर त्याला उंदीर वाटणारच नाही. न धुता पिशवीत बांधून कोमट पाण्यात ठेवा. ऊब आली की चिमट्यात शेपटी धरून जरा हलवा, पेटीवर कापड टाका आणि निघून या. बघत बसू नका.

अजून एक गोष्ट तो म्हणाला, रागावू नका. साप माणसाला आठवत बसत नाही. जागा बदलली की तो महिना-दोन महिने खात नाही, एवढंच. पण आता फार थांबू नका. आईला सांभाळा, स्वतःलाही.

तुमची लाडकी,
ज्योती

सोनई,
८ मार्च २०२६

चि. ज्योतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. मी उंदीर बर्फातून बाहेर काढलाच नाही. खोटं कशाला बोलू, हात धजला नाही. यानं खाल्लं, तर हर्षलसाठी उपाशी राहणारं कोण उरलं? आम्ही तर त्याच्या जलदान विधीच्या दिवशीच पंगतीला बसलो. मी दोनदा भात घेतला.

परवा आईनं पेटी पुसताना त्याला हातात घेतलं. म्हणाली, पार कणा दिसाय लागलाय, तुमच्या दुःखापायी याला मारता का? लई लाज वाटली. काल तू सांगितलंस तसं सगळं केलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासानं पाहिलं तर उंदीर नव्हता, मुकादमाच्या गळ्याखाली फुगवटा होता. आईनं टाळी वाजवली. मी मोरीत जाऊन रडलो. त्याला हर्षल आठवत नव्हता गं. त्याला फक्त ती हळद नको होती.

तुझा,
आप्पा

पुणे,
१५ मार्च २०२६

आदरणीय आप्पांस,
सविनय जयभीम.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी हर्षलला पोस्टमॉर्टेमला आत नेलं. तुम्ही दोघं अजून एसटीत होतात, दारात मी एकटी. आणि मला भूक लागली, आप्पा. गेटासमोरच्या गाडीवर मी दोन वडापाव खाल्ले आणि तिसरा मागितला. गाडीवाला म्हणाला, ताई, आधी डोळे पुसा.

खाताना मला हर्षलशिवाय दुसरं काहीच आठवत नव्हतं.

रविवारी येते. जेवायला थांबा माझ्यासाठी. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
ज्योती